चार बोटं वर

मंगळवार, ४

आज दुपारी बाराला दहा कमी असताना ती दुकानाचं काचेचं दार ढकलून आत आली, आणि तिथून सगळं बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे कधी आम्ही दोघं म्हातारे झालो आणि "नक्की कधी रे?" असा वाद निघाला, तर पुरावा हाताशी असावा. त्या क्षणी माझ्या हातात कुणाच्या तरी आजोबांचा फोटो होता आणि मी तो फ्रेममध्ये उलटा बसवत होतो.

ही वही कॉलेजातली, प्रॅक्टिकलची. अकरा प्रयोग पूर्ण आहेत. बाराव्याच्या पानावर 'उद्दिष्ट' एवढा एकच शब्द आणि पुढे कोरं, कारण त्याच दिवशी मी कॉलेज सोडलं. शेवटचं वर्ष, अर्ध्यावर. सर भर वर्गात तिला म्हणाले होते, "मुलींच्या हातात यंत्र दिलं की दोघंही बिघडतात." मी उठलो, टेबलावरचं मोजमापाचं यंत्र उचललं आणि खिडकीतून खाली भिरकावलं. कॉलेजने माफीचं पत्र मागितलं, ते मी दिलं नाही. लंबू म्हणाला, "तोफ, तुला मानलं." तोफ हे नाव त्यानेच ठेवलेलं. पाचवीपासूनचा मित्र.

कॉलेज सोडल्याला आता दीड वर्ष झालं. आई मला फ्रेमवाल्या काकांकडे घेऊन आली. म्हणाली, "दोन महिने ठेवा, डोकं थंड झालं की घेऊन जाते." अजून न्यायला आलेली नाही. पहिल्याच दिवशी मी कशावरून तरी दार आपटलं आणि भिंतीवरचा आरसा खाली येऊन फुटला. तेव्हापासून दाराच्या आतल्या बाजूला काकांची पाटी आहे: 'तोफेने दार हळू लावावे.' गिऱ्हाइकं वाचतात आणि माझ्याकडे बघून हसतात.

तर ती. ती म्हणाली, "एका बेडरूमसाठी मोठं चित्र हवंय. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर. तुला त्यातलं कळतं, म्हणून आले."

"कुणाची बेडरूम?"

"मावसबहिणीची. नवीन घर घेतलंय." हे ती खिळ्यांच्या बरणीकडे बघत म्हणाली.

मी भिंतीचं माप विचारलं, खिडकी कुठे ते विचारलं. ती म्हणाली, "सांगते. पण ऐक ना, आधी मला तुला एक—"

"आधी खिडकी," मी म्हटलं. "खिडकी समोर असेल तर काच नको, नुसता कॅनव्हास."

तेवढ्यात आतला फोन वाजला म्हणून मी गेलो. परत आलो तर ती आणि काका हळू आवाजात बोलत होते. मला बघून दोघं गप्प. दर कमी करून मागत असणार.

बुधवार, ५

रात्रभर विचार करून सकाळी उलगडा झाला. तिची आई एकुलती एक. पहिल्या वर्षी तिनेच सांगितलं होतं, "मला ना मामा ना मावशी, सुट्टीत जायला घरच नाही." मग मावशीच नाही तर मावसबहीण आली कुठून?

म्हणजे घर तिचंच आहे. बेडरूम तिची. आणि त्या भिंतीवर काय लावायचं हे तिला माझ्याकडून ठरवून घ्यायचंय.

हे मी ताईला सांगितलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, औषधाच्या दुकानात कामाला. लोकांचं वाईट अक्षर वाचून वाचून तिला सगळ्यातच काहीतरी वाचायची सवय लागलीय.

"बरं, घर तिचं," ताई म्हणाली. "तिला घर कशाला लागलं?"

"तेच तर."

"तेच तर काय?"

"अगं, मुली थेट बोलत नाहीत. लाजतात."

"ती लाजते? वर्गातला पंखा बंद आहे म्हणून प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसलेली मुलगी ती. पंखा लागेपर्यंत उठली नाही."

"ते वेगळं."

"तू तिला सरळ विचार."

"प्रेमात असं विचारायचं नसतं."

"मग काय करायचं असतं, भिंतीची मापं घ्यायची?"

ताईला या गोष्टी कळत नाहीत. तरी ती उगाच दारात उभी राहिली आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेली. तिने असं बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

शुक्रवार, ७

आज माप घ्यायला गेलो. तिसरा मजला, जिना नवा, कठड्याला अजून रंगाचा वास. बेडरूममध्ये पलंग येऊन पडलाय, गादीवरचं प्लास्टिक तसंच. दोन्ही बाजूंना दिव्यांची बटणं. मी दोन्ही चालू करून पाहिली. दोन.

पलंग बघून मी चकित झालो. नेहमीपेक्षा चांगला अर्धा फूट लांब आहे. सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. म्हटलं, "एवढा कशाला?" ती म्हणाली, "पाय बाहेर येऊ नयेत म्हणून." किती लांबचा विचार करते.

काकांचे नियम मी तिला समजावले. चित्राची रुंदी पलंगाच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. त्याहून कमी घेतलं तर भिंतीला टिकली लावल्यासारखं दिसतं, जास्त घेतलं तर पलंग चित्राखाली दबतो. आणि खालची कड कुठे आणायची, तर घरातलं सगळ्यात उंच माणूस पलंगावर टेकून बसलं की त्याच्या डोक्यावर दोन बोटं जागा राहील अशी. नाहीतर माणूस रोज सकाळी उठून चित्राला डोकं घासतो आणि वर्षभरात तिथे तेलाचा डाग पडतो.

मग मी स्वतःच बसलो. त्या पलंगावर, त्या प्लास्टिकवर, पाठ भिंतीला टेकवून. हात वर करून डोक्यावर पेन्सिलीने खूण केली. काळजाची धडधड प्लास्टिकमधून ऐकू जाईल की काय असं वाटलं.

ती समोर उभी राहून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "नाही. अजून चार बोटं वर."

"दोन बोटं धरलीत मी."

"तरी. चार बोटं अजून घे."

घेतली. केसांसाठी असेल. माझे वाढलेतच.

ती पुन्हा म्हणाली, "हे बघ, मी तुला मघापासून सांगायचा प्रयत्न—"

मी हात वर केला. "थांब, आकडा विसरेन." खरंच विसरलो असतो. चार फूट बाय अडीच. वहीत टिपून घेईपर्यंत ती खिडकीपाशी गेली होती. त्या मापाचा खाकी कागद कापून मी भिंतीवर चिकटवला. हीही काकांचीच रीत. कागद दोन दिवस भिंतीवर राहू द्यायचा. माणूस येता-जाता त्याच्याकडे बघतो आणि त्याला आपोआप कळतं, या जागी आपल्याला काय बघायचंय ते.

निघताना ती म्हणाली, "तू चांगला आहेस रे." असं कुणी उगाच म्हणत नाही.

रविवार, ९

आज निवड. ती दोन तास दुकानात होती.

मोठ्या चित्रांचे आमच्याकडे चार गठ्ठे आहेत: झाडं, पाणी, फुलं आणि काकांच्या भाषेत 'ज्यात काही नाही ते'. झाडं बघून ती म्हणाली, अंधारी आहेत. पाणी बघून म्हणाली, दवाखान्यात असतं तसं. मोठमोठ्या लाल फुलांवर काका म्हणाले, "ही घेतलीत तर पांघरूण, उशा, पडदे सगळी त्यांची नोकर होतील." शेवटच्या गठ्ठ्यातलं एक निळं-करडं तिला जरा आवडलं, पण ते कुठून वर आणि कुठून खाली यावरून माझा आणि काकांचा वाद झाला आणि ती हसत सुटली. तिचं हसणं दीड वर्षात पहिल्यांदा ऐकलं.

मग मी बोललो. म्हटलं, "माझा पुलाचा फोटो मोठा करून दिला तर?"

दुसऱ्या वर्षाच्या सहलीतला. पहाटे सगळे बसमध्ये झोपलेले असताना मी नदीवर गेलो होतो. धुकं, खाली संथ पाणी, वर लांबलचक पूल. फोटो काढला तेव्हा ती माझ्या मागेच कुठेतरी उभी होती. मी वळून पाहिलं नाही, पण असं पाठीला कळतं. नंतर तो फोटो मी सगळ्यांना पाठवला होता. सगळ्यांनी नुसते अंगठे पाठवले. तिने एकटीने लिहिलं होतं, "हा कधीही पुसू नकोस."

तिने हातातलं चित्र खाली ठेवलं. "आहे तो अजून तुझ्याकडे?"

"तूच पुसू नको म्हणाली होतीस."

"आणि तो मोठा केला की… सगळं दिसतं का? म्हणजे बारीकसारीकही?"

"पार गवताची काडी दिसेल."

तिचे डोळे भरून आले. शपथेवर सांगतो, भरून आले. म्हणाली, "मग तोच कर. पण मोठा केल्यावर तू स्वतः नीट बघ हं. आधी तू बघ. सगळा बघ."

मी म्हटलं, बघतो. काका तेव्हापासून एकच काच पुसत होते, ती आधीच स्वच्छ होती.

मंगळवार, ११

लंबू आला होता. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागल्यापासून तो फारसा येत नाही. दारातून वाकून आत आला. त्याला सगळ्याच दारांतून वाकून यावं लागतं. कॉलेजात त्याला विजेचा खांब म्हणायचे. दोन चहा घेऊनच आला होता.

"काय तोफ, चित्र कुठवर आलं?"

मी त्याला चित्राबद्दल बोललोच नव्हतो. म्हणजे तिने सांगितलं असणार. ती माझ्याबद्दल लोकांशी बोलते तर.

"तिने तुला काही सांगितलं का?" त्याने विचारलं.

"काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत," मी म्हटलं.

तो कपात बघत राहिला. मग म्हणाला, "समजा, एखाद्या जवळच्या माणसाने तुझ्यापासून काही लपवलं. तू काय करशील?"

"त्याची मान पिरगाळीन," मी म्हटलं आणि हातातली पट्टी टेबलावर आपटली, गंमत म्हणून. पट्टीचे दोन तुकडे झाले. लंबू म्हणाला, बरं, निघतो. अर्धा चहा तसाच. एवढा मोठा झाला तरी तुकडे बघून घाबरतो.

गुरुवार, १३

छपाईवाल्याचा निरोप आला, येऊन बघून जा. त्याच्याकडे मोठा पडदा आहे. त्यावर माझा पूल पसरला होता आणि मी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. फोनमध्ये जे हाताच्या पंजाएवढं होतं, त्यात आता चालत जाता येईल असं वाटत होतं.

छपाईवाला म्हणाला, "बाकी झकास आहे. फक्त हे उजव्या टोकाला बघा. पुलाच्या शेवटी. हे काय आहे?"

एक उभी काळी रेघ होती आणि तिला चिकटून एक पिवळा ठिपका. मोठं केल्यामुळे दोन्ही फाटल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "दिव्याचा खांब असेल."

"खांबाला पिवळं काय चिकटलंय मग? माणसं वाटतात. ठेवायची की घालवायची?"

ती म्हणाली होती, नीट बघ. बघितलं. एवढा सुंदर रिकामा पूल आणि टोकाला कुणीतरी परकं घुसलेलं. मीच खुर्चीवर बसलो, माऊस हातात घेतला आणि धुक्यातलं धुकं उचलून त्यांच्यावर लावत गेलो. आधी पिवळा ठिपका, मग रेघ. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

आता पुलावर कुणी नाही. आता तो फक्त आम्हा दोघांचा.

शुक्रवार, १४

काकांनी विचारलं, "चित्र बसवायला दुसऱ्या कुणाला पाठवू का?" म्हटलं, का? म्हणाले, "असंच. तुला सुट्टी मिळेल." सुट्टी कोणाला हवीय. काकांचं वय झालं.

शनिवार, १५

कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून झाला. मी एका बाजूने ओढत होतो, काका दुसऱ्या. चौदा किलो भरलं. काका म्हणाले, "जिवावरचं काम आहे, नीट ऐक. पलंगावरचं चित्र कधीही एका खिळ्यावर सोडायचं नाही. नजरेला कसं दिसतं ते बघायला आधी मधल्या तात्पुरत्या खिळ्यावर तारेने टांग. घरातल्यांनी हो म्हटलं की लगेच उतरव, तार काढ, दोन बाजूंना दोन स्क्रू आणि दोन कड्या. माणूस झोपेत असतो. त्याला पळता येत नाही."

"माहितेय, काका."

"माहीत असतं सगळ्यांना," ते म्हणाले. "मी एकदा उद्या करू म्हटलं होतं." पुढचं ते बोलले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पलंगावर कॅलेंडरही नाही.

काका जेवायला गेले तेव्हा मी चित्राच्या मागच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलं, 'आपल्या दोघांचा पूल', आणि खाली आजची तारीख. उद्या चित्र लागलं की तिला सांगणार. तीही सांगेल. मग चित्र उतरवून हे दाखवणार.

रविवार, १६

सगळं क्रमाने लिहितो. सुरुवातीची पानं फाडायला घेतली होती, मग थांबलो. असू देत. मूर्खपणाचाही पुरावा हवा.

साडेदहाला टेम्पो तिच्या इमारतीखाली लागला. टेम्पोवाला आणि मी चित्र जिन्याने वर नेलं. तिने दार उघडलं, पण माझ्याकडे बघण्याऐवजी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. म्हणाली, "पाहिलंस? मोठा केल्यावर?"

"पाहिला. नीट पाहिला."

"आणि तरी तू आलास," ती म्हणाली, आणि तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मला वाटलं होतं तू कधी तोंडही बघणार नाहीस माझं. फार मोठ्या मनाचा आहेस तू."

मला काही कळलं नाही. पण हात तिच्या हातात होता, मग कळायची घाई कुणाला.

टेम्पोवाला गेला. मी मधला खिळा ठोकला, तारेने चित्र टांगलं, त्यावरचा कागद काढला. ती मागे भिंतीपर्यंत सरकली आणि बघत राहिली. आधी तिचा चेहरा उजळला. मग ती पुढे आली, पलंगावर गुडघे टेकवून वाकली आणि उजव्या टोकाला पुलाच्या शेवटी बोट फिरवायला लागली. आंधळं माणूस फिरवतं तसं.

"इथे होतो आम्ही," ती म्हणाली. "कुठे गेलो?"

"आम्ही कोण?"

"इथे माझा पिवळा स्वेटर दिसायचा. फोनमध्ये मोठं करून कितीदा बघितलंय आम्ही." ती वळली. "तू काय केलंस?"

"परकी माणसं होती कुणीतरी. मी घालवली."

तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली. बेल नाही. किल्ली. आणि लंबू वाकून आत आला. हातात तीन कप चहा. तीन.

मी त्याच्याकडे बघितलं. मग पलंगाकडे. अर्धा फूट जास्त. मग भिंतीवरच्या माझ्याच पेन्सिलीच्या खुणेकडे आणि तिच्यावरच्या चार बोटांकडे. माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. दोन्ही बाजूंची बटणं मीच दाबून पाहिली होती.

"तू बसमध्ये झोपला होतास," मी म्हटलं.

"हो," लंबू म्हणाला. "तसं म्हणालो होतो."

"म्हणजे दुसऱ्या वर्षापासून."

"त्याच सकाळपासून."

"आणि मी यंत्र फेकलं तेव्हा?"

उत्तर यायच्या आत मीच बोललो. "मी हिच्यासाठी कॉलेज सोडलं. तू टाळ्या वाजवल्यास. मानलं म्हणालास. आणि संध्याकाळी दोघं मिळून माझ्यावर हसलात."

"हसलो नाही रे," लंबू म्हणाला. "त्या संध्याकाळी ही रडत होती."

"माझ्यासाठी सोडलं म्हणू नकोस," ती म्हणाली. ती मागे हटली नाही. "मी सरांना उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. तू उघडू दिलं नाहीस. तुझ्या घरी दोनदा आले होते, पत्र लिही म्हणून सांगायला. दोन्ही वेळा तू मला शौर्याची गोष्ट सांगितलीस. आता दुकानात आले, तरी तेच. खिडकी कुठे, काच नको, आकडा विसरेन. शेवटी वाटलं, फोटो मोठा केला की तुला दिसेल. तोंडाने जमत नव्हतं, म्हटलं, तू बघशील."

"बघितलं की. पुसून टाकलं."

"काकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, हे तूच सांगायला हवंस."

"आणि ताईंना मी," लंबू म्हणाला. "गेल्या महिन्यात. लग्नाची तारीख ठरली तेव्हा."

म्हणजे टपली त्यासाठी होती. सगळ्या गावाला ठाऊक, फक्त ज्याच्या पाठीत सुरा खुपसायचा तो सोडून. काका काच पुसत होते. ताई औषधं बांधत होती. आणि मी पुलावर धुकं लावत होतो.

मान पिरगाळीन म्हणालो होतो. प्रत्यक्षात काहीच केलं नाही. लंबू तिथे तीन कप धरून उभा, एवढा उंच माणूस, चहा सांडू नये म्हणून अंग चोरून. त्याच्या अंगावर धावून जायचं तरी कसं. मी हत्यारांची पिशवीही घेतली नाही. निघालो. बाहेरचं दार सताड उघडं टाकून जिना उतरायला लागलो.

दुसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा वरून प्लास्टिकचा आवाज आला. लंबू पलंगावर बसला असणार.

चित्र मधल्या खिळ्यावर होतं. एका. तात्पुरत्या. चौदा किलो.

खोटं कशाला लिहू, एक मजला मी मजेत उतरलो. मनात म्हटलं, झोपा. आज ना उद्या कधीतरी सरकेल. रिकामा पूल तुमच्या डोक्यावर येईल, मग कळेल रिकामा म्हणजे काय. पहिल्या मजल्यावर कुणीतरी दारात चपला लावून ठेवल्या होत्या. एक जोड मोठा, एक लहान. त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. काका उद्या करू म्हणाले होते, तेव्हा ते चित्र कुणाच्या पलंगावर होतं, हे मी कधी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नाही, हे तिने मघाशी सांगून झालं होतं.

परत वर गेलो.

दोघं तसेच. ती जमिनीवर बसली होती, लंबू पलंगाच्या कडेला. मी म्हटलं, "ऊठ." तो उठला. मी चित्र उतरवलं आणि पालथं करून गादीवर ठेवलं. तार कापली. मागच्या लाकडावर माझं अक्षर होतं. 'आपल्या दोघांचा पूल.' थुंकी लावून अंगठ्याने घासलं. 'पूल' गेला. 'दोघांचा' पूर्ण जात नव्हता, लाकडात उतरला होता. राहू दिला.

दोन बाजूंची मापं घेतली. ड्रिल मारण्याआधी लंबूला म्हटलं, "बस. टेकून."

"कशाला?"

"उंच माणसाचं माप बसून घ्यायचं असतं."

तो गादीवर चित्राच्या बाजूने सरकत जाऊन भिंतीला टेकून बसला. मी चित्राची खालची कड जिथे येणार तिथे बोट ठेवलं. त्याचं डोकं आणि बोट यांच्यात बरोबर दोन बोटं जागा. चार बोटं जास्त घेतली होती म्हणून. तिने नजरेने घेतलेलं माप, इंचाचाही फरक नाही. मला तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. माझं माप असं कुणी कधी घेतलं नव्हतं, एवढं मात्र कळलं.

दोन भोकं, दोन प्लग, दोन स्क्रू. कड्या अडकवल्या. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला. दोन्ही हातांनी चित्र खाली ओढून पाहिलं, अंगाचा भार टाकून. हललं नाही.

"तोफ," लंबू म्हणाला. "काहीतरी बोल ना. शिवी दे."

मी हत्यारं पिशवीत भरली. ड्रिलच्या खाली पडलेली भुकटी हाताने गोळा केली.

"भिंत नवी आहे," मी म्हटलं. "प्लग बसायला दोन दिवस लागतात. तोवर इथे काही आपटू नका. दारसुद्धा."

ती म्हणाली, "आणि ते दोघं? पुलावरचे? मूळ फोटोत आहेत ना अजून?"

आहेत. माझ्या फोनमध्ये आहेत, नखाएवढे. ते मी तिला सांगितलं नाही.

बाहेरच्या दाराशी आलो. मूठ धरली तेव्हा दार आपटायला हात पूर्ण ताकदीने मागे गेला होता. सवयीने. मग आतल्या भिंतीची आठवण झाली. दार मी धरून धरून पुढे आणलं, खटका बोटाने आत दाबला, आणि आवाज न करता लावून घेतलं.